धुराचा पत्ता

कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला व्यवहारातला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आणि ते बरोबरच आहे. सत्य म्हणजे काय, असं विचारलं तर तो तासभर बोलतो. कांदे किलोनं घ्यावेत की गोणीनं, असं विचारलं तर चष्मा पुसू लागतो. त्यामुळे आमच्या पुण्यातल्या गल्लीच्या तोंडाशी मंडप-खुर्च्यांचा धंदा करणाऱ्या शेठनी मला अडवून "सर, टेम्पो विजेचा घेऊ का डिझेलचा?" असं विचारलं, तेव्हा माझी छाती उगाचच दोन इंच फुगली.

टेम्पो म्हणजे आपला छोटा हत्ती. टाटांनी तो २००५ साली रस्त्यावर आणला आणि तेव्हापासून महाराष्ट्रातलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागलं नसावं. शेठ त्यात खुर्च्या, गाद्या, कढया घालतात आणि वरून चार पोरं बसवतात. २०२२ साली याच हत्तीचा विजेवर चालणारा भाऊ निघाला. एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर, असं कंपनीचं म्हणणं. शेठचं म्हणणं, "कंपनीनं माझी पोरं मोजली नसणार!"

पैशाचा हिशेब त्यांनी पावतीपुस्तकाच्या पाठीवर आधीच मांडला होता. विजेची गाडी घेताना महाग, चालवताना स्वस्त. तिथं माझं काही काम नव्हतं. त्यांना हवं होतं ते वेगळंच. आवाज खाली आणून ते म्हणाले, "विजेच्या गाडीनं पुण्य लागतं म्हणतात. खरं का, सर?"

आता आली का पंचाईत!

कारण विजेच्या गाडीला धूर नसतो असं आपण म्हणतो, तेव्हा तिला नळी नसते एवढंच खरं. धूर असतो, फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो. महाराष्ट्रातली बहुतेक वीज अजून दगडी कोळशावर होते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. आपल्याकडचा कोळसा म्हणाल, तर शंभर किलोंमागे तीस-चाळीस किलो नुसती राखच. शिवाय कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. डिझेलचंही तसंच, दहा रुपयांचं जाळलं तर चाकापर्यंत तीनेक रुपये पोचतात. नासाडी दोन्हीकडे. एक आमच्या गल्लीत, दुसरी सहा-सातशे किलोमीटरवर. आपला केर शेजाऱ्याच्या दारात लोटून "आमचं अंगण बघा कसं लख्ख!" म्हणणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. आता लांब दांड्याचा झाडू मिळाला, इतकंच.

यावर बेंथॅमसाहेबांचं उत्तर ठरलेलं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. पुण्यात माणसं जास्त, चंद्रपुरात कमी. तेव्हा धूर तिकडे. (हे साहेब १८३२ साली वारले, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा सांगाडा कपडे चढवून लंडनच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात बसवलेला आहे. काचेच्या आत धूर जात नाही.) हा हिशेब मी वर्गात फळ्यावर कितीदा तरी मांडला आहे. कुठल्याच वर्षी चंद्रपूरचा विद्यार्थी समोर नव्हता.

शेठना मी हे थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "पण सर, चंद्रपूरला आपलं कोण असतं?"

प्रश्न सहज आला, पण माझ्या तीस वर्षांच्या पोर्शनपैकी अर्धा त्यात बसतो. आपलं कोण असतं, यावरच तर सगळं अडतं! आमच्या गल्लीत तळमजल्यावर दम्याच्या आजी आहेत. रात्री दोनला मंडप सोडवून टेम्पो येतो, खिडकीखाली पाच मिनिटं धडधडत उभा राहतो आणि आजींचा खोकला सुरू होतो. तो शेठना ऐकू येतो, मलाही येतो. चंद्रपूरचा खोकला इतक्या लांबून कसा ऐकू येणार?

तरी माझं मत विजेच्या बाजूनं पडलं. आजींमुळे तर खरंच, पण आणखी एका कारणानं. डिझेलची गाडी घेतली की ती मोडीत निघेपर्यंत डिझेलशीच संसार. विजेच्या गाडीला वीज कशाची, याचं सोयरसुतक नसतं. आज कोळशाची, उद्या उन्हाची. गाडी तीच राहून धूर कमी होऊ शकतो. आणि ऊन तर चंद्रपुरातही काही कमी नाही! गांजलेल्या गावाला निदान आशेला जागा राहते.

"तेव्हा घ्या विजेचीच," मी म्हणालो. "पण पुण्य म्हणून नको. कमी पाप म्हणून घ्या."

शेठ विचारात पडले. मग म्हणाले, "कमी पापावर सबसिडी किती आहे?"

माझ्यापाशी टेम्पो नाही, त्यामुळे हा सगळा उपदेश मला फुकटात करता आला. बिल मात्र मलाही येतं. बाहेर मे महिना रटरटतो आहे आणि हे लिहिताना डोक्यावर पंखा फिरतो आहे. रेग्युलेटर पाचवर. मघाशी उठून तो तीनवर आणला होता. पुन्हा पाचवर कोणी नेला, हे घरात कोणी सांगायला तयार नाही.