तदबीर आणि फरेब

३ डिसेंबर २००४. भोपाळच्या वायुकांडाला त्या दिवशी वीस वर्षे पूर्ण झाली होती. बीबीसीच्या जागतिक वाहिनीवर डाऊ केमिकलचे प्रवक्ते म्हणून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, कंपनी संपूर्ण जबाबदारी स्वीकारते व पीडितांसाठी बारा अब्ज डॉलर देते. फ्रँकफुर्टच्या बाजारात डाऊचा शेअर घसरला. थोड्याच वेळात उघड झाले की हे गृहस्थ कंपनीचे नव्हतेच. 'येस मेन' या अमेरिकी जोडीपैकी ते एक होते. या जोडीने डाऊच्या नावाचे नकली संकेतस्थळ स्वतःच तयार करून ठेवले होते. बीबीसीने ते खरे समजून तिथेच निमंत्रण धाडले.

सच्च्या कामासाठी झूठ बोलावे काय? प्रश्न जुनाच आहे, पण या घटनेने तो नव्याने आमच्यासमोर उभा केला.

त्या जोडीची बाजू कमकुवत नाही. १९८४ च्या त्या रात्री हजारो माणसे मेली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ मध्ये डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली; मालमत्ता घेतली, जबाबदारी मात्र झटकली. खोट्या मुलाखतीनंतर कंपनीला खुलासा करावा लागला की ही बातमी निराधार आहे. म्हणजे आपण काही देणार नाही, हे तिला जगासमोर स्वतःच सांगावे लागले. चोराच्या तोंडून चोरी वदवून घेतली, असे कोणी म्हटले तर आम्ही काय उत्तर देणार?

उत्तर भोपाळच्या बस्त्यांत शोधावे लागते. बातमी तिथेही पोचली. ज्या घरात वीस वर्षे खोकला थांबला नाही, त्या घराने घटकाभर तरी मानले की आता न्याय झाला. मग कळले, तो खेळ होता. कंपनीची फजिती झाली खरी, पण खेळाची किंमत त्या घरानेही मोजली, आणि त्याला आधी कोणी विचारले नव्हते. भोपाळसाठी झटणाऱ्यांनी पुढे या जोडीशी नाते तोडले नाही, हेही खरे. पण माफ करणे हा पीडितांचा मोठेपणा झाला. तो गृहीत धरण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही.

उर्दूत दोन शब्द आहेत, तदबीर आणि फरेब. दोन्हींत अक्कल लागते. तदबीर म्हणजे युक्ती, फरेब म्हणजे फसवणूक. त्याच भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांनी तदबीर दाखवली. दोघीही वायुपीडित, साध्या कामगार बायका. त्यांनी हाती घेतला झाडू. 'झाडू मारो डाऊ को' ही त्यांची मोहीम. कारखान्याच्या आवारातल्या विषारी कचऱ्याचे नमुने त्यांनी मुंबईच्या डाऊ कार्यालयात स्वतःच्या हातांनी नेऊन दिले. २००४ सालीच त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. येस मेन यांनीही २००९ मध्ये लंडनला वेगळी वाट धरली. भोपाळच्या दूषित पाण्याच्या नावाने छान लेबल लावलेल्या बाटल्या त्यांनी लोकांसमोर मांडल्या. थट्टा तीच, पण पाण्यात विष आहे हे त्यात लपवलेले नव्हते.

हा धडा आपल्या यवतमाळ जिल्ह्याला परका नाही. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. हत्यार काय, तर घरातला विळा! गवत खरे, कापणारा खरा, आणि शिक्षा भोगायची तयारीही खरी. सरकारला त्याचाच धाक होता.

आज विळ्याच्या जागी मोबाइल आहे. दारव्ह्याच्या कोणत्याही मोहल्ल्यातला पोरगा त्यावर दुसऱ्याचा हुबेहूब आवाज बनवू शकतो. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. उद्या एखाद्या तरुणाला वाटले की कीटकनाशक कंपनीच्या साहेबाचा नकली आवाज करून भरपाई जाहीर करावी, तर त्याच्या रागाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्याला दोन गोष्टी सांगू. ज्या विधवेसाठी तू हे करतोस, ती उद्या तालुक्याला खेटे घालील. दुसरी गोष्ट आपल्या जमातीची. नकली संदेश आणि जोडलेली छायाचित्रे यांनी आपल्याच वस्त्यांवर काय प्रसंग आणले, हे आपण पाहिले आहे. जो फरेब आपल्यावर उलटला तेव्हा आपण जुल्म म्हणालो, तोच आपल्या हातात आला की हुन्नर कसा होईल? शिवाय, आपल्या पोराची थट्टा थट्टा म्हणून सोडून दिली जाईल, याची हमी कोण देणार?

म्हणून मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्यावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याने फवारणीच्या डब्यावरची न वाचता येणारी बारीक अक्षरे मोठी करून चौकात लावावीत. मजुराच्या फाटक्या सदऱ्याचे आणि उघड्या हातांचे छायाचित्र कंपनीच्या चकचकीत जाहिरातीशेजारी ठेवावे. खाली स्वतःचे नाव लिहावे. लोक हसतील, कंपनी चिडेल, आणि कोणा गरिबाला खोटी आशा लागणार नाही. ज्या युक्तीखाली आपले नाव लिहायला हात कचरतो, ती तदबीर नव्हे.