मापात पाप, मापात पुण्य

दसरा सरून दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या शिवारांत दोन तऱ्हेची माणसे दिसू लागतात. एक, बिऱ्हाड ट्रकमध्ये भरून, लेकरेबाळे बरोबर घेऊन ऊसतोडीला निघालेली. दुसरी, मोजपट्टी, दोरी, चार खुंट्या आणि वजनकाटा घेऊन कुणाच्या तरी सोयाबीनच्या रानात उभी राहिलेली. पहिल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. दुसऱ्यांविषयी मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. शेतीखात्यातल्या नोकराच्या आयुष्यात लिहिण्यासारखे असते तरी काय, असे आपल्याला वाटते. माझ्या मते एक फार जुना आणि फार अवघड नैतिक प्रश्न त्या वजनकाट्याला टांगलेला असतो.

असा एक नोकर डोळ्यांसमोर आणा. विशी-पंचविशीत तो कृषी सहायक म्हणून लागला. (या पदाचे नाव २०२५ साली सहायक कृषी अधिकारी असे झाले, नाव बदलले, काम तेच.) पाटोदा, आष्टी, केज, धारूर अशा बदल्या झेलत तीस-बत्तीस वर्षांनी तो तालुका कृषी अधिकारी होऊन निवृत्त झाला. मधल्या काळात त्याने बांधबंदिस्ती केली, शेततळी आखली, बियाण्याच्या पिशव्या वाटल्या, असंख्य पंचनामे लिहिले. जिल्हा बालाघाटच्या माळरानाचा. पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीवर इथे कुणाचा विश्वास नाही. एका वर्षी जनावरांना पाणी नाही, तर २०२५ च्या सप्टेंबरासारखी एखादी अतिवृष्टी उभे पीक मातीसकट घेऊन जाते. अशा मुलखात त्याला दरसाल एक परीक्षा द्यावी लागे. तिचे नाव पीककापणी प्रयोग.

प्रयोग दिसायला सोपा आहे. शेत चिठ्ठीने ठरते. शेतातली जागाही अंकांच्या तक्त्यावरून ठरते. तिथे दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा आखायचा, पीक कापायचे, मळायचे, तोलायचे, आणि वजन लिहायचे. महसूल मंडळातल्या अशा दहा-बारा तुकड्यांवरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरते, आणि विम्याचे पैसे मिळणार की नाही हेही त्यावरच ठरते. पन्नास चौरस मीटरांचे असे दोनशे तुकडे मिळून एक हेक्टर होते. म्हणजे काट्यावरचा एक किलो कागदावर हेक्टरी दोन क्विंटल होऊन बसतो.

काटा स्थिर होत असताना बांधावर शेजारीपाजारी उभे असतात. त्यांतला कुणी वडीलधारा हळूच म्हणतो, "सायब, किलोभर कमी लिवलं तर कुणाचं काय जातंय? गावाचं भलं व्हईल." साहेब काय करील?

आधी दयेची बाजू नीट ऐकून घेऊ. ती हलकी नाही. म्हातारा स्वतःपुरते मागत नाही, गावासाठी मागतो. त्याच्या घरातली दोन माणसे उद्या कोयता घेऊन निघणार आहेत. पैसे जाणार ते सरकारचे आणि विमा कंपनीचे. दोघेही एका किलोने उपाशी मरणार नाहीत. आणि आपल्या साऱ्या संतपरंपरेने काय शिकवले? रंजल्यागांजल्याला जवळ घ्यावे, हेच ना? मग आकड्याला चिकटून बसणारा माणूस न्यायी म्हणायचा की नुसता कोरडा?

उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. चार आण्यांहून कमी पीक आले तर त्या वर्षीचा शेतसारा तहकूब करावा, असा नियम होता. पीक चार आण्यांहून अधिक आहे, असे सरकारी अधिकारी म्हणत. नाही, असे शेतकरी म्हणत. गांधीजी आणि वल्लभभाई त्या लढ्यात उतरले. खेड्याचा सत्याग्रह इतिहासात गाजला, पण त्याच्या मुळाशी एक आणेवारी होती, हे आपण विसरतो. तिथल्या शेतकऱ्याने दयेची भीक मागितली नव्हती. खरा आकडा लिहा, एवढेच त्याचे मागणे होते.

त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन पिंपळे सौदागर या गावाची घरे नि शेते मोजत होते. पुढे १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. म्हणजे माणूस सरकारचा, आणि तोही परक्या सरकारचा. पण १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांनी जे दिसले तेच लिहिले: १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते सात एकरांवर आले आहे, आणि बहुतेकांचे पोट नुसत्या स्वतःच्या जमिनीवर भरणे शक्य नाही. पुढे कानिटकरांसह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी केली. हे आकडे वरिष्ठांना गोड वाटण्यासारखे नव्हते. पण शंभर वर्षांनंतरही शेतकऱ्याची बाजू मांडणारा अभ्यासक त्यांचा आधार घेतो. तो घेता येतो, कारण मॅनसाहेबांनी कुणाच्या बाजूने काटा झुकवला नव्हता. झुकवलेल्या काट्याची साक्ष कुणी मानत नाही.

पूर्वी पीक नजरेने ठरत असे. गावकामगार शेताकडे पाही आणि आणे लिही. नजर म्हटली की तिच्यात ओळख आली, वैर आले, भीती आली आणि कणवही आली. १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक नमुन्याने पीककापणी करण्याची पद्धत या देशात रुजवली. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेत निवडण्याचा अधिकार माणसाच्या हातून काढून चिठ्ठीच्या हाती द्यायचा, हे तिचे मर्म. लाच खाणाऱ्याला शेत निवडता येऊ नये हे तर खरेच. पण दयाळू माणसालाही ते निवडता येऊ नये, हे त्यातले अधिक खोल शहाणपण आहे. दया ज्याला पाहते त्याच्यावरच होते. ज्याचे शेत सडकेपासून लांब आहे, ज्याला साहेबांशी बोलता येत नाही, त्याच्या वाट्याला ती येत नाही.

आता म्हाताऱ्याच्या किलोकडे परत येऊ. विम्याचे उंबरठा उत्पन्न गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. एखाद्या वर्षी खोटा कमी आकडा लिहिला तर तो हिशेबातून गळून जाईल, खपून जाईल. पण कणव सवयीची झाली, दरसाल किलो-किलो कमी लिहिला जाऊ लागला, की उंबरठाच खाली बसतो. मग खरोखरीचा दुष्काळ दारात येतो तेव्हा उत्पन्न उंबरठ्याच्या खाली जातच नाही, आणि गावाला दमडीही मिळत नाही. आज दिलेली भीक उद्याच्या हक्कातून कापलेली असते. म्हणजे साहेबांनी दान केले खरे, पण ते दुसऱ्याच्या कणगीतून.

हा धोका नुसता कल्पनेतला नाही. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याचा विमा घ्यायला आधी कंपन्याच पुढे येईनात. शेवटी नफ्यातोट्याला मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' काढावा लागला. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात विमा आला. मग न पेरलेल्या रानांचे आणि दुसऱ्याच्या जमिनींचे विमे उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली, आणि २०२५ मध्ये ती योजनाच बंद झाली. नव्या योजनेत भरपाईचा सारा भार पीककापणीवर आला. खोटे बोलणारे थोडे होते. दंड मात्र खरे पेरणाऱ्यांनी भरला.

म्हणून खरा आकडा लिहिला की कर्तव्य संपले, असेही नव्हे. मंडळाची सरासरी खरी असली तरी ओढ्याकाठच्या एकट्या शेतकऱ्याचे रान वाहून गेलेले असते, आणि सरासरीला ते दिसत नाही. इथे 'नियमात बसत नाही' म्हणून फाइल मिटणारा अधिकारी सत्यवादी नव्हे, आळशी आहे. खऱ्या नोकराने काटा सरळ धरावा, आणि मग त्याच हाताने वर लिहावे की नियम अपुरा आहे. अर्ज लिहिता येत नसेल त्याचा अर्ज भरून द्यावा. अगदीच राहवले नाही तर स्वतःच्या खिशात हात घालावा. त्या दयेला कुणाचाही आक्षेप नाही. आणि वरून 'आकडा जरा चढवा' असा निरोप आला, तर म्हाताऱ्याला दिलेले उत्तरच साहेबांच्या साहेबाला द्यावे. खरी कसोटी हीच. गरिबापुढे ताठ आणि वरिष्ठापुढे लवचिक असणाऱ्या सचोटीला सचोटी म्हणत नाहीत. ऊसतोड मजुराला हे सांगावे लागत नाही. टनावर मजुरी घेणाऱ्याला काटा मारणे म्हणजे काय, ते पुरते ठाऊक असते.

अशा माणसाच्या निवृत्तीला नारळ, शाल आणि एक भिंतीवरचे घड्याळ मिळते. त्याने न लिहिलेल्या खोट्या आकड्यांची नोंद कुठेच नसते. गावात त्याला कुणी 'कडक' म्हणते, कुणी 'निर्दय'ही म्हणत असेल. त्याने ते सोसावे. चांगुलपणाची ही किंमत थोडी जास्त आहे, पण वाजवी आहे.

पाडव्याला आपण बळीराजाची आठवण करतो. ती कथाही मापाचीच आहे. तीन पावले मागताना पाऊल बटूचे होते. मोजताना ते त्रिभुवनाएवढे झाले. बळीने शब्द पाळला आणि डोके पुढे केले. त्याचे राज्य पुन्हा यावे असे आपण दरवर्षी म्हणतो. ते यायचे असेल तर निदान एवढे व्हावे की त्याच्या रानात उतरणारे माप मागताना जेवढे असेल तेवढेच मोजतानाही राहावे. तेवढ्यासाठी ज्यांनी तीस-तीस वर्षे उन्हात उभे राहून काटा सरळ धरला, त्यांच्या नावाने यंदा अंगणात एक पणती लावायला हरकत नाही.