पोच, पिंड आणि देणाऱ्याची जबाबदारी

पंचवटीतील रामकुंडावर जी और्ध्वदेहिक कर्मे चालतात, त्यांच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. जो देह सोडून गेला आणि ज्याचा आजचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नाही, त्याच्यापर्यंत या काठावर दिलेले अन्न व उदक पोचते कसे, आणि पोचले हे ओळखायचे कशावरून? संगणकांच्या जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा, पदवीच्या वर्गातील अभ्यास याच प्रश्नाच्या ऐहिक रूपापासून सुरू होतो, कारण तेथेही पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नाहीत व मधला मार्ग भरवशाचा नसतो. या दोन क्षेत्रांतील उत्तरे शेजारी ठेवल्याने श्राद्धाचे समर्थन होत नाही किंवा खंडनही होत नाही. मात्र पोचण्याच्या कल्पनेत कोणकोणत्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात, हे त्यातून उलगडते.

रामाने दशरथाचे श्राद्ध रामकुंडावरच केले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. आणि श्राद्धावरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेपही वाल्मीकिरामायणात रामासमोरच मांडलेला आहे. अयोध्याकांडात जाबाली त्याला विचारतो की, एकाने खाल्लेले अन्न दुसऱ्याच्या शरीराला मिळत असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या नावाने घरीच श्राद्ध का घालू नये, त्याला शिदोरी कशाला हवी? चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त माधवाचार्यांनी हाच युक्तिवाद चार्वाकांच्या मताचा भाग म्हणून नोंदवला आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात ही अडचण अधिक नेमकी केली: कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला, पिंडदानाने पितर तृप्त होतात या समजुतीशी त्या सिद्धांताचा मेळ घालणे कठीण जाते, कारण आत्मा दुसऱ्या देहात गेला असेल तर पिंड घेणारा कोण आणि तो कोठे आहे, हेच निश्चित होत नाही.

परंपरेने यावर दिलेले पहिले उत्तर पत्त्याचे आहे. संकल्पात कर्ता जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य असा मोठ्या प्रदेशाकडून लहान प्रदेशाकडे उतरत गोदावरीच्या तीरापर्यंत येतो, संवत्सरापासून तिथीपर्यंत काळ सांगतो, आणि मग ज्याला द्यायचे त्याचे गोत्र व नाव उच्चारतो. १९८१ साली निश्चित झालेल्या आयपी या नियमसंचात प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे संदेशाच्या सुट्या तुकड्याच्या, शीर्षभागात पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे ३२ बिटांचे दोन पत्ते असतात; पत्त्याचा पुढचा भाग जाळे दाखवतो व उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्र, त्यामुळे वाटेतील राउटरला केवळ पुढचा भाग पाहून पुढील टप्पा निवडता येतो. तथापि असा पत्ता ठिकाणाला बांधलेला असतो आणि यंत्र दुसऱ्या जाळ्यात गेले की तो बदलतो, तर गोत्र व नाव ही ओळख ठिकाणावर अवलंबून नसते. म्हणूनच मत्स्यपुराणाने नाम-गोत्रालाच हव्यकव्याचे वाहक ठरवले आणि पितर ज्या योनीत असेल त्या योनीला योग्य अशा रूपात ते अन्न त्याला मिळते, असे सांगितले.

ओळख आणि ठिकाण यांची अशी फारकत केली की, नावावरून आजचे ठिकाण जाणणारा कोणीतरी मध्ये असावा लागतो. इंटरनेटवर हे काम १९८३ पासून डोमेन नावांची व्यवस्था करते, आणि श्राद्धात ते वसू, रुद्र व आदित्य या देवतांकडे सोपवलेले आहे, ज्या स्वतः तृप्त होऊन पितरांना तृप्त करतात असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. साम्य येथेच संपते, कारण डोमेन व्यवस्थेची नोंद कोणालाही तपासून पाहता येते; देवतांचे मध्यस्थपण मात्र शब्दप्रमाणावर, म्हणजे शास्त्रवचनाच्या आधारावर, मानावे लागते.

पत्ता बरोबर असला तरी पोचण्याची हमी मिळत नाही. आयपी पॅकेट पोचवण्याचा प्रयत्न करते, शाश्वती देत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी टीसीपी ही आयपीच्या जोडीने चालणारी व्यवस्था प्रत्येक भागाला क्रमांक देते, पलीकडून पोच येईपर्यंत त्याची प्रत जपून ठेवते आणि ठरावीक वेळेत पोच न आल्यास तो भाग पुन्हा पाठवते. परंतु पोचही त्याच बेभरवशाच्या मार्गाने येत असल्यामुळे ती हरवू शकते, पोचेची पोच मागितली तरी तीच गत होते, आणि अशा मार्गावरून दोन्ही टोकांना परस्परांविषयी पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. शिवाय आलेली पोच एवढेच सांगते की पलीकडच्या यंत्राला मजकूर मिळाला. माणसाने तो वाचला किंवा त्याला तो पटला, असा तिचा अर्थ नसतो. म्हणून टीसीपीलाही कोठेतरी थांबावे लागते, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत उत्तर आले नाही की ती जोडणी सोडून देते.

दशक्रियेतील काकस्पर्श ही अशीच पोचेची व्यवस्था आहे. दहाव्या दिवशीच्या पिंडाला कावळा शिवला की मृताची इच्छा उरली नाही असे मानतात. तो शिवला नाही तर आप्त एकेक राहिलेली गोष्ट आठवून मुलांचे शिक्षण पुरे करू, आईला सांभाळू, अशी वचने मोठ्याने देतात. आणि तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पिंडाला करवतात. प्रतीक्षेला मर्यादा घालण्याची गरज येथेही ओळखलेली आहे. भेद मात्र मूलभूत आहे: टीसीपीची पोच घेणारा पाठवतो, तर कावळ्याच्या येण्याला पोचेचा अर्थ देणाराच देतो, आणि दर्भाचा कावळा तर तो स्वतःच्या हातांनी घडवतो. चार्वाकाच्या आक्षेपाला या खुणेतून उत्तर मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

जेरोम साल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की, विश्वसनीयतेची संपूर्ण हमी मधले जाळे देऊ शकत नाही, ती दोन टोकांनाच घ्यावी लागते. श्राद्धात एक टोक मुके आहे हे आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे सगळा भार देणाऱ्याच्या टोकावर येतो. विधीचे फल सामान्यतः कर्त्याकडे जाते, हा मीमांसकांचा नियमही त्याच दिशेने बोट दाखवतो. मृताला काय मिळाले हे ठरवण्याचे साधन कर्त्यापाशी नाही. परंतु कावळ्याची वाट पाहताना दिलेली वचने मृताला उद्देशून असली, तरी ती ज्यांच्यासाठी आहेत ती मुले आणि ती आई जिवंत असतात. त्या वचनांपुरती दोन्ही टोके बोलती आहेत, आणि ती पाळली गेली की नाही याची पोच मिळवण्यासाठी शकुनाची गरज पडत नाही. श्राद्धाची परीक्षा करायचीच असेल, तर ती या टोकावर करता येते.