परक्या घरातला एकांत

२०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३९ स्त्रिया आढळल्या. मुलींची संख्या घटत चालल्याच्या बातम्या वाचण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा आकडा क्षणभर सुखावतो. मग त्याचा खरा अर्थ ध्यानात येतो. गावात बायका जास्त आहेत, कारण पुरुष गावात नाहीत. दिल्ली, लखनौ, हल्द्वानी, देहरादून, नाहीतर सीमेवरची एखादी चौकी; कुठे ना कुठे ते नोकरीला आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून जास्त वाढली. अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची मात्र घटली.

मराठी वाचकाला हे गणित उलगडून सांगावं लागत नाही. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्याही त्या दशकात खाली आली होती. मुंबईतला चाकरमानी, महिन्याची मनीऑर्डर, गणपतीपुरती उघडणारी घरं हे कोकणाने पिढ्यान् पिढ्या पाहिलं. कुमाऊं-गढवालच्या डोंगरांनीही तेच पाहिलं.

आणि आज याच डोंगरांत शहरातली जोडपी चार दिवस एकमेकांजवळ राहायला जातात.

ज्या घरांतल्या नवराबायकोंचं आयुष्य एकमेकांची वाट बघण्यात गेलं, त्याच घरांतली एखादी खोली आता दोघांच्या एकांतासाठी मिळते. समोर हिमशिखरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मोबाइलला रेंज असली तर असली. होमस्टेचं कौतुक बहुतेक वेळा या देखाव्यापाशी थांबतं. पण देखावा तर हॉटेलच्या खिडकीतूनही दिसतो. होमस्टेत वेगळं काही असेल तर ते घर आहे, आणि त्या घराचा विचार त्यात राहणाऱ्या माणसांना वगळून करता येणार नाही. पाहुण्या जोडप्याला हवा असलेला निवांतपणा नांदत्या घरातून येतो. ते घर नांदतं राहायचं तर तिथल्या नवराबायकोलाही एका छपराखाली राहता आलं पाहिजे.

मराठी मध्यमवर्गाच्या मधुचंद्राचा नकाशा महाबळेश्वर-माथेरानपासून सरकत सरकत सिमला, नैनिताल, कुलू-मनालीपर्यंत गेला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सासू-सासरे-दीर-नणंदांच्या सहवासात संसार सुरू करणाऱ्यांना आतून कडी लावता येणारी खोली ही चैन नव्हती, गरज होती. पण यांतली बहुतेक थंड हवेची ठिकाणं घडवली इंग्रजांनी, आणि ती स्वतःसाठी. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान साहेबी नकाशावर आणलं. नैनितालला इंग्रजी वस्ती १८४० च्या दशकात सुरू झाली. मैदानातल्या उन्हाला कंटाळलेल्या साहेब लोकांनी एकत्र जमावं, फिरावं, मेजवान्या द्याव्यात यासाठी डोंगरावर बंगले आले, क्लब आले, मॉल रोड आले. गर्दी जमवणं हा त्या रचनेचा मूळ हेतूच आहे. त्यामुळे मे महिन्यात नैनितालच्या तळ्याकाठी एकांत शोधणाऱ्या जोडप्याला दुसरी हजारो जोडपी भेटतात, यात नवल नाही. २०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीची गर्दी थेट लाहौलमध्ये शिरली.

परक्याने डोंगरातल्या माणसाच्या आश्रयाला राहण्याची रीत मात्र इंग्रजांहून जुनी आहे. बदरी-केदारच्या पायवाटांवर काही मैलांच्या अंतराने चट्ट्या असत. यात्रेकरूने चट्टीवाल्याकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यायचं. स्वयंपाकाची भांडी आणि रात्रीचं छप्पर त्यातच आलं. त्याचं वेगळं भाडं नसे. काकासाहेब कालेलकरांनी १९१२ साली हिमालयाची वाट धरली तेव्हा यात्रा अशीच पायी, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला होत असे. १९६२ च्या युद्धानंतर सीमेच्या दिशेने मोटाररस्ते झपाट्याने झाले, दिवसाची वाट तासावर आली आणि चट्ट्या ओस पडल्या. आजची होमस्टेवाली त्या चट्टीवाल्याच्या नात्यातली आहे. फरक इतकाच आणि तो मोठा आहे, की चट्टीवाला दुकान चालवत होता आणि ती स्वतःचं घर उघडते.

या घरांना ताटातुटीचा इतिहास आहे. कुमाऊं रेजिमेंटचं केंद्र रानीखेतला, गढवाल रायफल्सचं लॅन्सडाउनला. दोन्ही गावं डोंगरातलीच. घरटी एक माणूस फौजेत ही इथली जुनी रीत. पुरुष सुट्टीवर येई, शेताचं एखादं काम उरकून परत जाई. बाईच्या वाट्याला शेत, गुरं, चारा, सरपण आणि वाट पाहणं. कुमाऊंनीत न्योली नावाची विरहगीतं आहेत, रानात गवत कापताना दरीपल्याडच्या बाईला ऐकू जातील अशा लांब सुरात म्हटली जाणारी. गढवालात सासुरवाशिणीची खुदेड गीतं आहेत, माहेरच्या आठवणीने भरलेली. कुमाऊंनी गायक गोपालबाबू गोस्वामींचं घुघुती पाखराचं गाणं आजही पहाडी लग्नांत, टॅक्सींत वाजतं. त्यातल्या बाईचा नवरा लडाखच्या बर्फात आहे आणि घुमणाऱ्या पाखराने तिचा जीव कासावीस होतो. पहाडातलं प्रेम गाण्यांत शोधायला गेलं तर ते असं भेटतं. बाल्कनीत हात धरून बसलेली दोघं त्यात फार कमी आहेत.

पिथोरागढ जिल्ह्यातल्या मुनस्यारीकडे तर ही ताटातूट व्यापारातच मुरलेली होती. जोहार खोऱ्यातले शौका लोक उन्हाळ्यात मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून खिंडी ओलांडत आणि तिबेटातून मीठ, लोकर आणत. याच खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंह रावत पावलं मोजत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले आणि तिबेटचा नकाशा घडवणाऱ्या सर्वेक्षकांत अमर झाले. १९६२ मध्ये सीमा बंद झाली, व्यापार संपला. मेंढ्यांबरोबर तिबेटात जाणारे पुरुष मग मैदानात उतरू लागले.

मुनस्यारीला लागून सरमोली नावाचं गाव आहे. उंची सुमारे २,२०० मीटर, समोर पंचचुलीची पाच शिखरं, त्यांतलं सर्वांत उंच ६,९०४ मीटर. काठगोदामला रेल्वे १८८४ मध्येच पोचली, पण तिथून पुढे इथवर यायला आजही घाटरस्त्याचा अख्खा दिवस लागतो. या गावातल्या बायकांनी २००४ च्या सुमारास आपल्या राहत्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गिर्यारोहक आणि कार्यकर्त्या मल्लिका विर्दी इथे येऊन स्थायिक झाल्या होत्या; त्यांनी आणि गावातल्या माटी संगठनच्या बायकांनी हे काम उभं केलं. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातलं सर्वोत्तम पर्यटन ग्राम म्हणून गौरवलं.

सरमोलीचं मोठेपण पुरस्काराहून वेगळ्या ठिकाणी आहे. इथला होमस्टे पहिल्यापासून गावच्या जंगलाशी बांधलेला राहिला. १९२१ मध्ये इंग्रजांच्या वनकायद्यांविरुद्ध कुमाऊंत मोठं आंदोलन पेटलं, आणि त्याचं फळ म्हणून १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावालगतचं जंगल गावकऱ्यांनी स्वतः राखायचं. विर्दी सरमोलीच्या वनपंचायतीच्या सरपंच होत्या. पाहुणा ज्या शांततेसाठी येतो ती बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या रानातून येते, तेव्हा त्या शांततेच्या कमाईवर रान राखणाऱ्यांचा हक्क आहे, असा सरळ हिशेब इथल्या बायकांनी मांडला. पर्यटनाच्या धोरणांत इतका स्वच्छ विचार क्वचित सापडतो.

अशा घरात दोघांना मिळतं काय? मार्च-एप्रिलमध्ये गेलं तर लालभडक बुरांश, मे-जूनमध्ये काफळाची आंबटगोड फळं. जुनं घर असेल तर दगडी भिंती, पटालाचं म्हणजे सपाट दगडांचं छप्पर, खाली गुरं बांधायची जागा आणि वर माणसं. ताटात मडुव्याची रोटी आणि गहतची डाळ येते, म्हणजे आपली नाचणीची भाकरी आणि कुळीथ. कोकणातून गेलेल्या माणसाला पहिल्याच घासाला आजोळी आल्यासारखं वाटतं. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन, त्याची दाट चुडकानी भातावर घेतात.

पण अन्न आणि फुलं ही त्यातली सोपी गोष्ट झाली. हॉटेलच्या बंद खोलीत दोन माणसं समोरासमोर बसतात तेव्हा एकमेकांना आनंदात ठेवण्याचं ओझं दोघांवरच येतं. नव्या लग्नात ते ओझं गोड वाटतं, दहा वर्षांच्या संसारात जड. नांदत्या घरात तिसऱ्या माणसाचं आयुष्य आजूबाजूला चालू असतं. सकाळी गाय दोहली जाते, कोणी विळा-दोरी घेऊन रानात जातं, अंगणात राजमा वाळत पडतो. कोणाचं पाहुण्यांकडे खास लक्ष नसतं. त्या दुर्लक्षातच मोकळीक असते. दोघं शेंगा सोलायला बसतात, वाटेने वरच्या देवळापर्यंत जाऊन येतात, आठ वाजता जेवून नऊला आडवी होतात आणि अंधारात बोलत राहतात. शहरात महिनोन् महिने टळलेली बोलणी अशा वेळी निघतात. नातेवाइकांचं घर असतं तर प्रश्न आले असते, अपेक्षा आल्या असत्या. हे घर परकं आहे, म्हणून त्यात सैल होता येतं.

बाईसाठी ही मोकळीक विशेष खरी आहे. घर म्हटलं की जिच्या डोक्यात कामांची यादी उभी राहते, तिला इथे घर मिळतं आणि यादी मिळत नाही. पण ती यादी नाहीशी झालेली नसते. खालच्या स्वयंपाकघरातली दुसरी बाई ती उरकत असते, तेही शेत, चारा आणि सरपण सांभाळून. म्हणून पाहुण्याने दिलेले पैसे कोणाच्या खात्यात जातात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जिथे ते तिच्या हातात जातात, तिथे आयुष्यभर फुकट धरल्या गेलेल्या कामाला पहिल्यांदा मोल येतं. जिथे जात नाहीत, तिथे तिच्या डोक्यावरचा भारा नुसता वाढतो.

हे प्रत्येक ठिकाणी साधलेलं नाही. उत्तराखंड सरकारने २०१८ मध्ये होमस्टेसाठी अनुदानाची योजना आणली. घरमालकाने तिथे कुटुंबासह राहायचं आणि खोल्या सहापर्यंतच ठेवायच्या, ही तिची अट योग्य आहे. त्याच वर्षी राज्याच्या पलायन आयोगाने सांगितलं, की २०११ नंतर आणखी ७३४ गावं निर्मनुष्य झाली. गाव सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनी कारण दिलं ते रोजगाराचं. ही दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एका बाजूला ओस पडलेली घरं, दुसऱ्या बाजूला मैदानातल्या पैशाने उतारावर उठलेली काचेची बांधकामं, जिथे मालक दिल्लीत, नोकर नेपाळचे आणि पाटी होमस्टेची. २०२५ मध्ये राज्याने भूकायदा कडक करून अकरा जिल्ह्यांत शेती-बागायतीची जमीन बाहेरच्यांना विकण्यावर बंदी आणली, तिच्यामागे अशाच बांधकामांवरचा संताप होता. मालक जिथे राहत नाही तिथली शांतता ही रिकाम्या झालेल्या गावाची शांतता आहे. प्रेमात असलेल्या दोघांनी ती विकत घेऊ नये.

निवड करताना विचारण्यासारखे प्रश्न अगदी घरगुती आहेत. स्वयंपाक कोण करतं? घरातली माणसं कुठे झोपतात? पाणी कुठून येतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत निकडीचा. पहाडी गावं नौला आणि धारा या झऱ्यांवर जगतात, आणि हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चालल्याचं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात नोंदवलेलं आहे. शेकोटीचंही तसंच. तारांकित रात्री ओंडके पेटवून बसण्याची हौस अनेकांना असते, पण ती लाकडं कोणीतरी पाठीवरून आणलेली असतात, आणि थंडीत तीच त्या घराची चूल पेटवणार असतात. स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी बसू द्याल का, असं विचारलं तर बहुतेक घरांत जागा मिळते.

मुक्काम किती दिवसांचा हाही प्रश्न यातच येतो. दोन रात्रींसाठी आलेलं प्रत्येक जोडपं गेलं की चादरी, अभ्रे, रजयांच्या खोळी धुवायच्या. डोंगरात त्यासाठी पाणीही हवं आणि वाळायला ऊनही. सहा रात्रींत तीन जोडपी येऊन गेली तर तीन धुणी निघतात, एकच जोडपं सहा रात्री राहिलं तर एक. कमाई तितकीच. त्यातून घरधन्याला मुनस्यारीजवळच्या खलिया टॉपची वाट दाखवायला, पक्षी दाखवायला, काठगोदामपर्यंत गाडी घेऊन जायला काम मिळतं. हंगामात अशी आठ-दहा आरक्षणं आधीच पक्की झाली, तर त्या वर्षी त्याने हल्द्वानीला नोकरी धरायची की नाही, याचा निर्णय नवराबायकोला घरात बसून घेता येतो.