गाणं मला, ठकठक तुम्हाला

स्टेज पियानो या वाद्याला बहुधा स्वतःचा स्पीकर नसतो. ते मंचासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे आवाज सभागृहाच्या यंत्रणेतून बाहेर पडणार हे गृहीत धरलेलं असतं. घरात आणलं की दोन पर्याय उरतात: स्पीकर जोडा, नाहीतर हेडफोन. मी हेडफोन जोडले. दिवसभर ऑफिसचं काम, वाजवायला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर, आणि आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर कुकरची शिट्टीसुद्धा तीन घरांत ऐकू जाते. शेजाऱ्यांना त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

जोडणीला एक रविवार गेला. इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा स्टँड, उंची जमवलेलं बाक, पेडल, लॅपटॉपला जाणारी यूएसबी केबल. पेडलने तासभर छळलं. पाय उचलला की सूर लांबत जायचे, दाबला की तुटायचे. नंतर कळलं की वाद्य चालू करताना माझा पाय पेडलवर होता. अशी बरीच वाद्यं चालू होण्याच्या क्षणी पेडल ज्या स्थितीत असेल ती मोकळी स्थिती धरतात. सुरुवातीलाच चुकीची स्थिती 'सामान्य' म्हणून नोंदली गेली की पुढचं सगळं उलटं. बंद करून, पाय बाजूला घेऊन, पुन्हा चालू केलं आणि प्रश्न सुटला.

त्यानंतर चार महिने मी रोज रात्री तासभर बाखचं सी मेजरमधलं प्रेल्यूड वाजवत होतो. नवशिके हमखास वाजवतात ते. शेवटची काही मापं सोडली तर प्रत्येक मापात एकच आकृती दोनदा येते, सगळे स्वर सारख्या अंतराने. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं आणि माझं बाहेर काही जात नव्हतं, अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुम्ही रात्री काही कुटता का हो?"

मी म्हटलं, "नाही काकू, पियानो आहे. पण मी हेडफोन लावतो, आवाज बाहेर येत नाही."

"आवाज नाही येत," त्या म्हणाल्या. "ठकठक येते. ह्यांचं बायपास झालंय, झोप आधीच कमी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि रोज एकाच जागी अडखळता तुम्ही. ठक-ठक-ठक छान चालू असतं, मग थांबतं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी वाट बघत बसते, आज तरी पुढे जाईल म्हणून."

मी माफी मागितली. त्या गेल्यावर बराच वेळ दारातच उभा होतो. काकांच्या झोपेचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आधी टोचलं ते अडखळण्याचं.

यामागचं तंत्र साधं आहे. चांगल्या डिजिटल पियानोच्या प्रत्येक पट्टीला आत एक वजनदार हातोडी जोडलेली असते, बोटाला खऱ्या पियानोचा भार जाणवावा म्हणून. पट्टी खाली जाताना दोन किंवा तीन संवेदकांवरून जाते. त्यांच्यामधल्या वेळेवरून वाद्य बोटाचा वेग काढतं आणि त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या मानकाने ही मोजपट्टी ठरवून दिली आहे. त्या आकड्यानुसार स्मृतीत साठवलेला, कधीतरी कोणीतरी एका खऱ्या पियानोवरून ध्वनिमुद्रित केलेला स्वर हेडफोनमध्ये येतो. पण पट्टी तळाला आपटते ती खरीच आपटते. तो धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून काकांच्या उशाशी जातो. स्वर हवेतून प्रवास करतो आणि हवा मी बंद केली होती. धक्का इमारतीतून प्रवास करतो, आणि इमारत आमची दोघांची होती.

म्हणजे मी वाटणी कशी केली होती पाहा: गाणं मला, ठकठक तुम्हाला. माझ्या चुका कोणी ऐकत नाही अशा समजुतीत मी होतो. प्रत्यक्षात हेडफोनने चूक सोडून बाकी सगळं लपवलं होतं. सुरांचा गोडवा, पेडलने मिसळणारे स्वर, सगळं माझ्या कानात. लयीतली तूट तेवढी खाली.

माझ्या व्यवसायात तक्रार म्हणजे तिकीट. कारण शोधायचं, दुरुस्ती करायची, तिकीट बंद. मी जाड रबरी मॅट आणली, तिच्याखाली फोमचा थर दिला, स्टँडच्या पायांखाली टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू बसवले. धक्का कमी झाला. काकूंना विचारलं. "कमी झालंय," त्या म्हणाल्या, "पण येतं." कायदाही पाहिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझी ठकठक ती ओलांडत असेल असं वाटत नाही. कायद्याने मी निर्दोष. पण ही मर्यादा वाचताना मला जो दिलासा वाटला, त्याचीच मला शंका आली. ज्याला आपली चूक नाही याची खात्री असते, तो शनिवारी दुपारी नियमावली उघडून बसत नाही.

या प्रश्नावर एक नामवंत तक्रारदार आहे: इमॅन्युएल कांट. कोनिग्सबर्गमधल्या त्याच्या घराजवळ तुरुंग होता आणि तिथले कैदी मोठ्याने भक्तिगीतं म्हणत. कांटने शहराच्या कारभाऱ्याला पत्र लिहून त्यांचा आवाज कमी करायला आणि खिडक्या बंद ठेवायला सांगावं अशी विनंती केली. पुढे १७९० सालच्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये त्याने संगीतावर असभ्यपणाचा आरोप ठेवला. चित्र नको असेल तर नजर वळवता येते. संगीत मात्र अत्तर लावलेल्या रुमालासारखं, खिशातून काढलं की आजूबाजूच्या सगळ्यांना वास घ्यावाच लागतो. कांटला हेडफोन आवडले असते. मलाही त्याचं म्हणणं वरवर पटतं: माझा आनंद दुसऱ्याच्या कानावर लादू नये. पण तो कैद्यांचा श्रोता होता आणि त्याच्याजवळ निदान गाणं पोचत होतं. काकूंना रुमाल दिसत नव्हता, वासही येत नव्हता, फक्त कोणीतरी रोज रात्री खिसा आपटतंय एवढंच कळत होतं.

खरा पेच आणखी आत होता, आणि तो पेडलसारखाच निघाला. मी सुरुवातीलाच चुकीची स्थिती सामान्य म्हणून नोंदवली होती. हेडफोन मी शेजाऱ्यांसाठी लावले नव्हते. काकूंना एकदाही विचारलं नव्हतं की रात्री कधी झोपता, काय ऐकू येतं, काय चालेल. मला कोणी अडखळताना ऐकू नये म्हणून मी ते लावले होते. माझ्या लाजेला मी सौजन्य म्हणत होतो. दोन्हींतून कृती एकच घडत असल्यामुळे फरक कळायला मार्ग नव्हता. फरक कळला तो ठकठकीमुळे. सौजन्य असतं तर विचारपूस झाली असती. लाजेला विचारपूस परवडत नाही.

इथे मी एक सोपा निष्कर्ष काढून बसलो होतो: पूर्वीचं बरं होतं. वाड्यात, चाळीत कोणी पेटी शिकायला लागलं की सगळ्यांच्या कानावर पडायचं. शिकणं उघड्यावर व्हायचं, चुकण्याची लाज मोडायची. दिवाळीत आई राहायला आली आणि हा निष्कर्ष टिकला नाही.

आईने लग्नाआधी पेटीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या. हे मला माहीत होतं, पण घरात पेटी कधी पाहिली नव्हती. कधी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच उत्तर. या वेळी पियानोकडे बघत ती म्हणाली, "याचा आवाज बाहेर जात नाही म्हणतोस?" मग तिने सांगितलं. लग्नानंतर सहा महिने ती दुपारी वाजवायची. कोणी मनाई केली नाही. फक्त संध्याकाळी कोणीतरी विचारायचं, "आज काय, मैफल होती वाटतं?" कधी शेजारची, कधी घरातलंच. "कोणी वाईट बोललं नाही रे. पण आवाज बाहेर जातो ना. आपण मोकळे बसलोय हे सगळ्यांना कळतं." मग पेटी माहेरी गेली आणि तिथेच राहिली.

चाळीतलं उघड्यावरचं शिकणं सगळ्यांसाठी सारखं उघडं नव्हतं. माझी चूक ऐकू गेली असती तर लोक म्हणाले असते, पोरगा शिकतोय. तिची बरोबर वाजलेली गतही ऐकू गेली, तर हिला कामं नाहीत. ज्या भिंतीवर मी लपण्याचा आरोप करत होतो, ती तिला तीस वर्षांपूर्वी मिळाली असती तर तिने वाजवणं सोडलं नसतं.

मी तिला हेडफोन दिले. ऑर्गनचा आवाज निवडून दिला, कारण पियानोचा स्वर विझत जातो आणि तिच्या बोटांना हवा असेपर्यंत टिकणारा स्वर माहीत होता. "काळी एक कुठली यात?" ती म्हणाली आणि मी दाखवायच्या आत तिने स्वतःच शोधली. पट्ट्या जड लागल्या तिला. डावा हात काही वेळ हवेत तसाच हलत राहिला, भाता शोधत. मग तिने तो मांडीवर ठेवला.

मी खोलीतच पुस्तक घेऊन बसलो. अर्धा तास मला फक्त ठकठक ऐकू येत होती. कुठे लय धरतेय, कुठे बोट चुकतंय, कुठे तेच पुन्हा घेतेय, सगळं कळत होतं. राग कोणता ते कळत नव्हतं. मला त्या ठकठकीचा त्रास झाला नाही. पण यावरून काही सिद्ध होत नाही. मला माहीत होतं आतमध्ये काय चाललंय, आणि मला झोपायचं नव्हतं. काकांना पियानोची सगळी माहिती दिली तरी त्यांना झोप येणार नाही. समजूत पटली की त्रास संपतो, हे त्रास देणाऱ्याचं लाडकं मत असतं.

रात्री झोपताना लक्षात आलं की लॅपटॉपवरचा नोंद करणारा प्रोग्रॅम चालूच होता. तो ध्वनी साठवत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात, कधी सोडली, एवढंच. एका अर्थाने ठकठकीचीच नोंद. पण ती फाइल वाद्याला परत दिली की जे मी ऐकलं नव्हतं ते सगळं जसंच्या तसं वाजलं असतं. एक बटण. कोणाला कळलंही नसतं, कारण माझ्याजवळ हेडफोन होते.

मी ते बटण दाबलं नाही, पण त्याचं श्रेय घेत नाही. पुष्कळ वेळ बोट तिथे होतं. सकाळी आईला सांगितलं. ती चहा गाळत होती. "सगळं आलंय त्यात? चुकलेलं पण?"

"सगळं."

"पुसून टाकू का?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "राहू दे. पण ऐकू नकोस एवढ्यात."

काकूंबरोबर आता वेळ ठरली आहे. रात्री साडेनऊला बंद. रविवारी सकाळी अकरा वाजता, काका जागे असतात तेव्हा, मी हेडफोन काढून दोन छोटे स्पीकर लावतो. हा तोडगा काकूंचाच. "ऐकायचंच आहे तर नीट ऐकू दे," म्हणाल्या. पहिल्या रविवारी माझे हात इतके गार पडले होते की जिथे कधीच अडखळत नाही तिथेही अडखळलो. आठवड्याचा माझा सराव निम्म्यावर आला, आणि याबद्दल मी अजून अधूनमधून चिडतो.

ती फाइल लॅपटॉपवर आहे. तिला नाव दिलेलं नाही, फक्त तारीख आहे. 'एवढ्यात' म्हणजे कधीपर्यंत, हे मी आईला अजून विचारलेलं नाही.