न बोलावलेले पाहुणे

कुणाच्या घरी जायचे तर आधी दारावर थाप द्यावी, आतून होकार आला तरच उंबरठा ओलांडावा, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. पण ज्या घराला दार नाही आणि होकार द्यायला घरधनी पुढे येत नाही, तिथे पाहुण्याने काय करावे?

हा प्रश्न आम्हाला स्वालबार्डला पडला. नॉर्वेचा मुख्य किनारा आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर ही बेटे आहेत. लहानशा बोटीवर आम्ही बारा प्रवासी आणि दोन वाटाडे होतो. किनारा आला की एक वाटाडा आधी उतरे आणि दुर्बिणीतून उतार न् उतार न्याहाळी. खांद्यावर रायफल असे. पांढरे अस्वल दिसले तर मुकाट्याने माघारी फिरायचे, हा पहिला नियम. रायफल अगदी शेवटचा उपाय.

उपाय खरा, पण कुणासाठी? जुलै २०१८ मध्ये याच बेटांच्या उत्तर टोकाला एका पर्यटक जहाजाचा पहारेकरी पुढे उतरला आणि अस्वलाने त्याच्यावर झडप घातली. सोबत्यांनी गोळी झाडली. माणूस वाचला, अस्वल मेले. पहारेकऱ्याला दोष देता येत नाही, अस्वलाला तर नाहीच. मग दोष कुणाचा? ज्यांना ‘एकदा पाहायचेच’ होते त्यांचा. म्हणजे आमच्यासारख्यांचा.

अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर स्मेरेनबर्गचे अवशेष पाहिले. सतराव्या शतकात डच लोक इथे देवमासे मारून त्यांची चरबी कढवीत. त्या भट्ट्यांचे ओटे अजून वाळूत आहेत. ते देवमासे या समुद्रातून जवळजवळ संपले. ती माणसे तेल न्यायला आली होती, आम्ही फोटो न्यायला आलो होतो. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा आहे का? आमच्या विमानांच्या धुराचाही त्या वितळत्या बर्फाशी संबंध आहेच.

आमच्यातलेच एकजण म्हणाले, “पाहिल्याशिवाय माया कशी लागेल? आणि इथल्या माणसांनी जगायचे कशावर?” म्हणणे खोटे नव्हते. तिथली शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली. पर्यटन हा अनेकांचा घास आहे. पण माया लागली म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क मिळतो, हे काही पटले नाही. आपल्या आजीआजोबांपैकी कुणी ध्रुव पाहिला नव्हता, तरी मुंगीच्या वारुळावर पाय पडू नये म्हणून ते जपून चालत.

उत्तराची वाट भलतीकडेच सापडली. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. पहिल्या रात्री आम्ही घड्याळ हातात धरून बसलो. मगरिब कधी धरायची? उलेमा सांगतात की अशा ठिकाणी जिथे दिवसरात्र वेगळे होतात त्या जवळच्या मुलखाची वेळ धरावी. काही जण मक्केची वेळ धरायला सांगतात. आकाश वेळ दाखवत नाही म्हणून नमाज माफ होत नाही. वेळ आपणच बांधून घ्यायची.

मर्यादेचेही तसेच आहे. घरधनी ‘थांब’ म्हणत नाही म्हणून मर्यादा संपत नाही. ती पाहुण्याने स्वतःवर घालून घ्यायची. २०२५ पासून तिथला कायदा अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर दूर राहायला सांगतो. बोटीवर कुणी कुरकुरले, एवढ्या लांबून काय दिसणार? खरेच, आम्हाला बर्फावरचा एक पिवळसर ठिपकाच दिसला. थोडा वेळ तो हलला, मग कड्याआड गेला. वाटाड्याने बोट वळवली.

परतल्यावर लोक विचारतात, जावे का? आम्ही ‘जा’ म्हणत नाही. गेलेल्या तोंडाने ‘जाऊ नका’ म्हणण्याचा अधिकारही आम्हाला नाही. एवढेच सांगतो, की निघण्याआधी स्वतःला विचारा: तो ठिपकाही दिसला नाही, तर रिकाम्या हाताने आणि कुरकुर न करता परत येता येईल का?