वहिवाटीचा वर्तमानकाळ

बडोद्याच्या सयाजीगंजात रेल्वे स्थानकाच्या आसपास माडीमाडीवर इंग्रजीच्या ज्या शिकवण्या चालतात, तेथे येणाऱ्या उर्दूभाषी विद्यार्थ्याची वही पाहण्यासारखी असते. उर्दू वाक्य पानाच्या उजव्या कडेहून निघते, त्याचे इंग्रजी रूप डाव्या कडेहून, आणि दोन्ही मधल्या रेघेशी येऊन थांबतात. साध्या वर्तमानकाळाच्या धड्यात त्याच्या हातून जी चूक हटकून होते ती 'ही इज गोज' ही होय. शिक्षक त्या 'इज'वर तांबडी रेघ ओढून मोकळे होतात. मला मात्र ही चूक तत्त्वचिंतकाच्या आदरास पात्र वाटते. 'वह जाता है' म्हणणाऱ्याच्या भाषेत 'जाता' हे विशेषणाप्रमाणे लिंगवचन पाहून बदलते आणि वाक्याचा सारा भार 'है'वर येतो. म्हणजे कृती ही अस्तित्वाच्या आश्रयाने राहते. इंग्रजी हा आश्रय काढून घेते, आणि बिचारा विद्यार्थी तो पुन्हा आणून ठेवतो. (आपल्या मराठी मुलाला 'जातो' म्हटले की पुरते, त्याचे रडगाणे निराळे.)

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. तो मशिदीत जातो, सूर्य पूर्वेस उगवतो, ईश्वर एक आहे, ही तिन्ही वाक्ये इंग्रजी व्याकरण एकाच काळात बसविते, आणि त्यांतले एकही 'आत्ता'विषयी नाही. मशिदीत जाणारा या घटकेस दुकानात बसलेला असेल, तरी वाक्य खोटे ठरत नाही. कारण ते त्याची वहिवाट सांगते. मग ईश्वराचे असणे हीदेखील, कधीच खंड न पडलेली, एक वहिवाटच समजावयाची, की वहिवाटीने कधीही सिद्ध न होणारी ती अव्वल मालकी आहे?

याविषयी बडोद्याच्याच दप्तरात एक कठोर निवाडा पडून आहे. शांतरक्षिताचा 'तत्त्वसंग्रह' कमलशीलाच्या पंजिकेसह 1926 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि त्यातील त्रैकाल्यपरीक्षेत, भूत व भविष्य यांनाही वस्तूची खरी सत्ता आहे असे मानणाऱ्या स्वकीय बौद्धांचाच समाचार घेतलेला आहे. आठव्या शतकातील या आचार्याच्या मते जे काही कार्य करते तेच सत्, आणि जे नित्य म्हणविते ते क्रमानेही कार्य करू शकत नाही व एकदमही नाही, म्हणून ते नाहीच. येथे उर्दू वाक्याची रचना पुरती उलटी होते: कृती असण्यावर उभी नसून असणेच करण्यावर उभे राहते, आणि ईश्वराविषयीचे तिसरे वाक्य रद्दबातल होते.

याच शहरात 1882 साली जन्मलेले इनायत खाँ, संगीतज्ञ मौलाबख्शांचे दौहित्र, 1910 साली अमेरिकेस गेले. संगीतावर 'मिनकार-ए-मूसिकार' हा ग्रंथ उर्दूत लिहिणाऱ्या या सूफीला परमतत्त्वाविषयी पश्चिमेत बोलावयाचे ते इंग्रजीतच बोलावे लागले. त्यांच्या उपदेशाचे सार मानले जाणारे दहा विचार सारेच्या सारे साध्या वर्तमानकाळात आहेत, आणि त्यांतील पहिल्यात, ईश्वर एक असून त्याच्यावाचून दुसरे काही नाहीच, असा अद्वैत्यालाही मान्य होईल असा सिद्धांत आहे. तेथे 'इज' हे वहिवाटीचे क्रियापद मुळीच नव्हे. कुराणाच्या अरबीत ईश्वराच्या गुणांविषयी अनेक ठिकाणी भूतकाळी रूप येते आणि उर्दू भाषांतरकार तेथे निःशंक 'है' लिहितात, हे ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडले, त्याला काळाचे रूप आणि काळ या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कोणी निराळे शिकवावे लागत नाही.

शांतरक्षित आणि इनायत खाँ यांच्यामध्ये पडण्यास मला एकच मध्यस्थ दिसतो, तो महाभाष्यकार पतंजली. पर्वत उभे आहेत, नद्या वाहत आहेत, या वाक्यांत आरंभ नाही, समाप्ती नाही. मग तेथे वर्तमानकाळाची विभक्तता कोठून आणावी, अशी शंका घेऊन ते उत्तर देतात की होऊन गेलेल्या, असलेल्या व होणाऱ्या राजांच्या क्रियांनी पर्वतांच्या उभे असण्याचेही काळविभाग पडतात. बडोदेकरांना हे समजावून सांगावयास नको. वास्तुविशारद चिझमसाहेबांनी योजिलेला बडोदा कॉलेजचा घुमट उभा आहे, या वाक्यात सयाजीरावांची 1875 पासून 1939 पर्यंतची कारकीर्द, 1949 मधील संस्थानाचे विलीनीकरण, आणि उद्याच्या परीक्षेची घंटा, एवढा मजकूर मुकाट्याने सामावलेला आहे. घुमटाने स्वतः काहीच केलेले नाही.

हेच माप तिसऱ्या वाक्याला लावले, तर ईश्वराच्या 'आहे'ला काळ मिळतो तो पाच वेळा नमाज पढणाऱ्याच्या वहिवाटीतून. पहिले वाक्य मग तिसऱ्याहून कनिष्ठ राहत नाही. कोणताही मौलवी यावर हरकत घेईल की अनादी सत्तेला बंद्याच्या नमाजाची गरज ती काय. ती हरकत योग्य आहे, आणि मला ती मान्यही आहे. सत्तेला गरज नसेल, पण ती सत्ता उच्चारावयाची तर काळाचे कोणते तरी रूप घ्यावे लागते, आणि तिच्यासाठी वेगळे रूप, माझ्या माहितीतील चार भाषांच्या व्याकरणांत तरी, कोणी राखून ठेवलेले नाही.